घरचा शब्दकोश कसा निवडावा

राजुऱ्याच्या जुन्या घरांतून कधीं कधीं माळ्यावरची पत्र्याची पेटी खालीं उतरते. पेटींत आजोबांच्या वेळचे कागद असतात. कांहीं मोडींत, कांहीं उर्दूंत, आणि कांहीं बाळबोध अक्षरांत असूनहि वाचणाराला तितकेच परके. अक्षर लागतें, अर्थ लागत नाहीं. एका कागदाच्या माथ्यावर 'बैनामा' असें लिहिलेलें असतें, दुसऱ्यावर 'रेहननामा', आणि तिसऱ्यावर 'बैबिलवफा'. घरांतील शिकलेलीं मुलें तिन्ही कागद उलटसुलट करून पाहतात आणि 'जमिनीचे कागद' एवढें म्हणून पुन्हां पेटींत ठेवतात. वस्तुतः ह्या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. बैनामा म्हणजे खरेदीखत. त्यानें जमीन गेली. रेहननामा म्हणजे गहाणखत. जमीन अडकली, पण गेली नाहीं. बैबिलवफा म्हणजे अटीची विक्री. ठरल्या मुदतींत पैसे परत केल्यास जमीन परत यावयाची. एका शब्दाचा अर्थ ठाऊक असणें अथवा नसणें ह्यांवर एखाद्या कुटुंबाची आपल्या वडिलोपार्जित शेताविषयींची समजूतच अवलंबून असूं शकते. आणि तरीहि, घरांत रेडिओ आहे, दूरचित्रवाणी आहे, शिवणयंत्र आहे, पण शब्दकोश मात्र नाहीं, अशींच घरें अधिक.

राजुऱ्याचीच गोष्ट प्रथम घेण्याचें कारण असें कीं, शब्दांची जितकी सरमिसळ ह्या तालुक्यांत झाली तितकी महाराष्ट्रांत क्वचितच दुसरीकडे झाली असेल. वर्धा नदीच्या अलीकडचा हा भाग पूर्वीं निजामाच्या राज्यांत, आदिलाबाद जिल्ह्यांत होता. पलीकडे बल्लारपूर-चांदा इंग्रजी अंमलांत, अलीकडे राजुरा हैदराबादच्या अंमलांत; मध्यें फक्त नदी. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत राजुरा तालुका मराठी मुलखांत येऊन प्रथम नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९५९ मध्यें चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यांत आला. सरकारी दफ्तराची भाषा उर्दू, घरची भाषा मराठी, बाजारांत तेलुगू, डोंगरपट्टींत गोंडी व कोलामी, आणि आतां कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने आल्यापासून हिंदी. अशा ठिकाणीं राहणाऱ्या माणसाला एकच शब्द चार घरीं चार अर्थांनीं भेटतो.

ह्याचे मासले पाहण्यासारखे आहेत. 'शिक्षा' हा शब्द हिंदी शाळेच्या पाटीवर विद्येचा वाचक आहे, मराठी शाळेंत तो छडीचा वाचक होतो. मराठींत 'संशोधन' करतो तो विद्वान नवा शोध लावतो. हिंदी वृत्तपत्रांत 'संशोधन' होतें तें कायद्यांत, म्हणजे ती दुरुस्ती असते. 'चेष्टा' मराठींत थट्टा, हिंदींत प्रयत्न. तेलुगू भाषिक शेजारी 'अवसरमु' म्हणतो तेव्हां त्याला गरज सांगावयाची असते, संधि नव्हे. त्याचें 'प्रपंचमु' म्हणजे सारें जग, आणि मराठी माणसाचा प्रपंच म्हणजे बायकामुलें व महिनाअखेरचा हिशेब. 'उपन्यास' हिंदींत कादंबरी, तेलुगूंत व्याख्यान. हे सगळे शब्द मूळ संस्कृत, एकाच घरांतून निघालेले. पण वेगवेगळ्या गांवीं नांदावयास गेलेल्या बहिणींप्रमाणें प्रत्येकीनें सासरचें वळण उचललें. शब्द ओळखीचा वाटतो तेथेंच फसगत अधिक होते. अगदीं अनोळखी शब्द आला तर माणूस निदान विचारतो तरी.

शब्दकोश घ्यावयाचा तो अशा वेळेसाठीं. आतां कोणता घ्यावा?

ग्रंथविक्रेत्याच्या दुकानांत गेलें असतां बहुधा दोन टोकें पुढें येतात. एक, खिशांत मावेल असें लहानसें पुस्तक, ज्यांत प्रत्येक शब्दापुढें एकच प्रतिशब्द दिलेला असतो. दुसरें, कपाटाचा एक सबंध खण व्यापणारे अनेक खंड. पहिलें स्वस्त असतें आणि घरीं नेल्यावर आठ दिवसांत निरुपयोगी ठरतें. कारण ज्या शब्दांचे अर्थ एका प्रतिशब्दानें सांगतां येतात ते शब्द बहुधा ठाऊकच असतात. दुसरें विद्वानाला हवें. घरांत तें कपाटाची शोभा होतें. रोजच्या उपयोगाचा कोश ह्या दोहोंच्या मधला असावा: एका खंडांतला, मेजावर उघडा राहणारा, एका हातानें उचलतां येणारा.

परंतु मधला कोश नीट पारखावयाचा तर मोठ्या कोशांची थोडी ओळख असणें बरें, कारण लहान कोश बहुधा मोठ्यांच्याच पोटीं जन्मलेले असतात. मराठीच्या बाबतींत ही वंशावळ दोनशें वर्षांहून जुनी आहे. विल्यम केरीनें श्रीरामपूर येथें १८१० सालीं मराठी शब्दांचा इंग्रजी कोश छापला. त्यांतील मराठी शब्द मोडी लिपींत आहेत. हें श्रीरामपूर नगर जिल्ह्यांतलें नव्हे, बंगाल्यांतलें. त्यानंतर १८२९ मध्यें मुंबईस शास्त्रीमंडळानें मराठीचा मराठींतच अर्थ देणारा कोश सिद्ध केला. 'पंडितांचा कोश' म्हणून तो प्रसिद्ध आहे. आणि १८३१ मध्यें मोलस्वर्थाचा मराठी-इंग्रजी कोश आला. जेम्स थॉमस मोलस्वर्थ हा कंपनीच्या लष्करांतला अधिकारी. कॅंडी बंधु आणि अनेक पंडित ह्यांच्या साहाय्यानें त्यानें बोलत्या मराठीचे शब्द गोळा केले. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरांत गेली. हा कोश आजहि वाचनीय आहे. शेतकऱ्याचे शब्द, कोष्ट्याचे शब्द, शिव्या, म्हणी, मुलांचे खेळ, सर्व कांहीं त्यांत आहे. कोणता शब्द शिष्ट आणि कोणता ग्राम्य हेंहि सांगितलें आहे. रिकाम्या दुपारीं तो सहज चाळावयास घेतला तर चहाची वेळ टळते.

तरी घरच्या उपयोगाचा पहिला कोश म्हणून मोलस्वर्थ घेऊं नये. कारणें दोन. एक, त्यांतील अर्थ इंग्रजींत आहेत, आणि तें इंग्रजीहि पावणेदोनशें वर्षांपूर्वींचें आहे. मराठी शब्दाचा अर्थ समजण्यासाठीं पुन्हां इंग्रजी कोश उघडावा लागतो. दुसरें, तो कोश मुंबई इलाख्यांत झाला. वर्धा-वैनगंगेकडचे शब्द त्यांत तुरळक. राजुऱ्याचा माणूस त्यांत आपल्या घरचा शब्द शोधावयास गेला तर पुष्कळदां रिकाम्या हातीं परत येईल. मोलस्वर्थाचाच संक्षेप बाबा पदमनजींनीं १८६३ मध्यें केला, आणि पुढें १९११ मध्यें पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यांतून श्रीधर गणेश वझे ह्यांची शाळकरी मराठी-इंग्रजी डिक्शनरी निघाली. योगायोग असा कीं, त्याच १९११ सालीं विलायतेंत फाउलर बंधूंचा 'कन्साइज ऑक्सफर्ड' हा इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. मोठ्या कोशाचें सार काढून सामान्य गृहस्थाच्या मेजावर ठेवावें, ही कल्पना त्या सुमारास पुण्यास आणि ऑक्सफर्डास सारखीच पटलेली दिसते.

मराठीचा खरा मोठा कोश म्हणजे 'महाराष्ट्र शब्दकोश'. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ह्यांच्या प्रमुखत्वाखालीं त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ ह्या काळांत पुण्याहून निघाले, आणि १९५० मध्यें पुरवणीचा खंड आला. ह्या कोशांत सव्वा लाखाहून अधिक शब्द आहेत. पण विदर्भांतील वाचकाच्या दृष्टीनें त्याचा मोठा गुण दुसराच आहे. प्रांतिक शब्दापुढें तो कोणत्या भागांत बोलला जातो हें आद्याक्षरांनीं दाखविलें आहे: वऱ्हाडी असल्यास 'व.', नागपुरी असल्यास 'ना.', गोमंतकी असल्यास 'गो.' हे सात-आठ खंड घरीं ठेवणें सर्वांना साधणार नाहीं. गांवच्या सार्वजनिक वाचनालयांत किंवा हायस्कुलांत ते असावे, आणि नसतील तर वाचकांनीं त्यांची मागणी करावी. एका कुटुंबाला जो खर्च जड तो शंभर कुटुंबांना हलका होतो.

आतां एका खंडांतील कोशांकडे यावें. वासुदेव गोविंद आपटे ह्यांचा 'शब्दरत्नाकर' १९२२ पासून मराठी घरांत वावरत आहे, पुढें ह. अ. भावे ह्यांनीं त्यांत भर घालून तो विस्तारला. प्र. न. जोशी ह्यांचा 'आदर्श मराठी शब्दकोश' हाहि एका खंडांतला, शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पुरेसा. दोन्ही मराठी-मराठी आहेत, आणि घरच्या मेजावर ह्या जातीचाच कोश प्रथम यावा. मराठी शब्दाचा अर्थ मराठींत समजून घेण्याची संवय लागल्यावांचून मुलाची भाषा पक्की होत नाहीं. 'खिन्न' शब्दापुढें 'सॅड' लिहून ठेवणारा मुलगा खिन्न, उदास, कष्टी, विषण्ण आणि हिरमुसला ह्यांतला भेद कधींच शिकत नाहीं. त्याच्या लेखीं ते सगळे एकच.

ह्यांपैकीं अमुकच घ्या असें सांगण्यापेक्षां, दुकानांत उभ्या उभ्या कोशाची परीक्षा कशी करावी हें सांगणें अधिक उपयोगाचें. घरून निघतांना दहा-बारा शब्द कागदावर लिहून न्यावे. ते विद्वत्तेचे नसावे. गेल्या महिन्यांत घरांत ज्यांवर अडलें तेच असावे. एक वृत्तपत्रांतला, एक तहसिलीच्या नोटिशींतला, एक पोथींतला, एक मुलाच्या पुस्तकांतला, एक स्वयंपाकघरांतला, एक शेतांतला. मग तीन कोश शेजारीं शेजारीं मांडून तेच शब्द तिन्हींत पाहावे. अर्ध्या तासाच्या ह्या कामानें जें कळेल तें वेष्टनावरच्या जाहिरातीनें कळणार नाहीं.

त्या कागदावर 'अपरोक्ष' हा शब्द अवश्य असावा. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. अपरोक्ष म्हणजे त्याच्या उलट, प्रत्यक्ष. वेदान्तांत 'अपरोक्ष' अनुभव म्हणतात तो ह्याच अर्थानें. पण मराठींत लोक सर्रास 'माझ्या अपरोक्ष असें घडलें' म्हणजे 'माझ्या पाठीमागें घडलें' असें म्हणतात. जो कोश फक्त संस्कृत अर्थ देतो तो व्यवहार सांगत नाहीं. जो फक्त रूढ अर्थ देतो तो वाचकाला पोथी चुकीची वाचावयास लावतो. जो दोन्ही देऊन कोणता मूळचा आणि कोणता मागाहून रूढ झाला हें सांगतो, त्याच्या संपादकानें काम मनापासून केलें आहे असें समजावें.

दुसरा शब्द 'वेळ'. 'वेळ गेला' आणि 'वेळ आली' ह्या दोन्ही वाक्यांत शब्द एकच, लिंग निराळें, अर्थहि निराळा: पहिल्यांत काळाचें मान, दुसऱ्यांत नेमका प्रसंग. तसेंच 'माळ' आणि 'हार' ह्यांचें. गळ्यांतली ती माळ, गांवाबाहेरचा तो माळ. गळ्यांत पडतो तो हार, वाट्यास येते ती हार. मराठी कोशांत प्रत्येक नामापुढें पु., स्त्री. अथवा न. असें लिंग दिलेलें नसेल तर तो कोश खालीं ठेवावा. ज्या गांवीं अनेक भाषा नांदतात तेथें लिंगाच्या चुका घरोघर होतात. तेलुगू किंवा गोंडी ज्यांची घरची भाषा त्या मुलांना मराठीचीं तीन लिंगें पाठ करावीं लागतात, कानावर विसंबून चालत नाहीं. त्यांना कोश हा गुरुजींच्या खालोखाल आधार आहे.

उच्चाराचीहि तीच गोष्ट. देवनागरी लिहिल्याप्रमाणें वाचतां येते अशी समजूत आहे, आणि ती बहुतांशीं खरीहि आहे. पण च, ज, झ ह्यांचे मराठींत दोन उच्चार आहेत आणि अक्षर एकच. 'चार' मधला च वेगळा, गुरांच्या 'चारा' मधला वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे लिहिण्यांत सारखे, बोलण्यांत भिन्न. हिंदी बोलणाऱ्या नवागताला हा भेद जड जातो. तेलुगू माणसाला तितका जात नाहीं, कारण त्याच्या भाषेंतहि हे दोन्ही ध्वनि आहेत. कांहीं कोशांत हा फरक खुणेनें दाखविलेला असतो. परभाषिकासाठीं कोश घेत असल्यास ती खूण पाहून घ्यावी.

आतां लेखनाचा प्रश्न. येथें जुने कोश फसवितात, आणि दोष त्यांचा नाहीं. मराठी साहित्य महामंडळानें १९६२ मध्यें लेखनाचे चौदा नियम ठरविले व १९७२ मध्यें त्यांत चारांची भर घातली. शासनानें ते मान्य केले व शाळांतून तेच शिकविले जातात. त्यांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि 'गति', 'मति', 'गुरु' ह्यांचा शेवट दीर्घ झाला. प्रस्तुत लेखाचेंच लेखन पाहावें. तें जुन्या वळणाचें आहे आणि एखाद्या विद्यार्थ्यानें परीक्षेंत त्याचें अनुकरण केल्यास त्याचे गुण जातील. १९६२ पूर्वींच्या कोशांचीं पुनर्मुद्रणें आजहि विकलीं जातात, आणि त्यांच्या मुखपृष्ठावरचें साल नवें असतें. म्हणून मुखपृष्ठ न पाहतां आंतील प्रस्तावनेची तारीख पाहावी. अर्थासाठीं जुना कोश उत्तम. लेखनासाठीं शाळकरी मुलाच्या हातीं वेगळें पुस्तक द्यावें. अरुण फडके ह्यांचा 'मराठी लेखन-कोश' आणि यास्मिन शेख ह्यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' हे ह्याच कामाचे आहेत. फडक्यांच्या कोशांत शब्दाचें सामान्यरूपहि मिळतें, आणि मुलें अडतात तीं नेमकीं तेथेंच.

कसें अडतात तें सांगितलें पाहिजे. धड्यांत 'देवळांत' असा शब्द येतो. मुलगा कोशांत 'देवळांत' शोधतो, मग 'देवळ' शोधतो, आणि शब्द नाहीं म्हणून कोश मिटतो. त्याला 'देऊळ' सांपडत नाहीं, कारण तेथपर्यंत जावयाची वाट त्याला कोणी दाखविलेली नसते. 'पावसांत' वरून 'पाऊस', 'गेला' वरून 'जाणें', 'भ्यायला' वरून 'भिणें' हा उलटा प्रवास करतां येणें म्हणजेच व्याकरण येणें. पुष्कळ घरांतून 'कोशांत शब्दच नाहींत' अशी जी तक्रार ऐकूं येते तिचें मूळ बहुधा येथें असतें, कोशांत नसतें. त्याच जातीची दुसरी अडचण वर्णक्रमाची. अनुस्वाराचे शब्द कांहीं कोशांत प्रत्येक अक्षराच्या आरंभीं येतात, कांहींत दुसरीकडे. क्ष आणि ज्ञ कोणी क आणि ज च्या पोटांत घालतो, कोणी अगदीं शेवटीं ठेवतो. ळ ची जागाहि ठराविक नाहीं. कोश घरीं आणल्यावर पहिल्या संध्याकाळीं 'अंक', 'क्षमा', 'ज्ञान' आणि 'ऑगस्ट' हे चार शब्द मुलांकडून शोधवून घ्यावे, म्हणजे त्या कोशाची चाल सर्वांना समजते.

पेटींतल्या बैनाम्याकडे परत जावें लागेल. घरच्या मराठी कोशांत हे सगळे कचेरीचे शब्द मिळतीलच असें नाहीं. त्यासाठीं माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवि माधव जूलियन, ह्यांचा १९२५ सालचा 'फार्शी-मराठी कोश' आणि श्रीपाद जोशी ह्यांचा 'उर्दू-मराठी शब्दकोश' हीं दोन साधनें मोठीं उपयोगाचीं आहेत. मराठींत फार्शी इतकी मुरली आहे कीं 'फार्शी शब्द नकोत' हें वाक्यसुद्धां फार्शी शब्दावांचून पुरें होत नाहीं. शिवाजी महाराजांच्या काळीं राज्यकारभारांतील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राजव्यवहारकोश' तयार झाला. त्यांतले कांहीं शब्द टिकले, आणि 'जमीन', 'अर्ज', 'दफ्तर', 'हुकूम' हे मात्र जागचे हलले नाहींत. निजामी मुलखांत ते हलण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या कचेरींतल्या मराठीसाठीं भाषा संचालनालयाचा 'शासन व्यवहार कोश' आहे. नोटीस, अधिसूचना, परिपत्रक ह्यांतील भेद ज्यांना नेहमीं लागतो त्यांनीं तो पाहावा.

जुना कागद वाचतांना आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. हैदराबादच्या कागदांवर सन फसली असतो. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सनाचा अदमास येतो. फसली १३४८ म्हणजे १९३८-३९. आणि एकाच शब्दाचा अर्थ प्रांतागणिक बदलतो. 'पट्टा' म्हणजे इतरत्र पुष्कळ ठिकाणीं भाडेपट्टा, मुदतीचा करार. हैदराबादच्या महसुली व्यवहारांत पट्टा म्हणजे जमीन नांवावर असल्याची नोंद, आणि पट्टेदार म्हणजे ज्याच्या नांवें ती नोंद तो. नागपूरकडचा कोश पाहून राजुऱ्याचा कागद वाचणारा येथें चुकेल. कोश अर्थ सांगतो. हक्क सांगत नाहीं. तेव्हां शब्द समजल्यावर कागद घेऊन जाणत्या वकिलाकडे जावें; फरक इतकाच कीं, जातांना काय विचारावयाचें हें ठाऊक असेल.

इंग्रजी कोशाबद्दल थोडक्यांत. ज्या घरांत मुलें इंग्रजी शिकत आहेत तेथें इंग्रजी-मराठी कोश लागणारच. रमेश धोंगडे ह्यांनीं संपादिलेला ऑक्सफर्डचा इंग्रजी-मराठी कोश चांगला आहे. पण आठवी-नववीनंतर मुलाला इंग्रजी-इंग्रजी कोशाकडे वळवावें, आणि तो इंग्रजांच्या मुलांसाठीं लिहिलेला नसून परभाषिकांसाठीं लिहिलेला असावा. ए. एस. हॉर्न्बी ह्यांचा असा कोश प्रथम १९४२ मध्यें टोकियोंत छापला गेला, जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवितांना आलेल्या अनुभवांतून. १९४८ पासून तो ऑक्सफर्डनें प्रसिद्ध केला. शब्द वाक्यांत कसा बसतो, त्याच्यामागें कोणतें शब्दयोगी येतें, हें त्यांत दाखविलेलें असतें, आणि परक्या भाषेंत अडचण अर्थाची कमी, बसविण्याची अधिक.

आतां मोबाइलवर सर्व मिळतें, मग पुस्तक कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी करतात. मिळतें हें खरें. शिकागो विद्यापीठानें मोलस्वर्थ, वझे, दाते-कर्वे आणि तुळपुळे-फेल्डहाउस ह्यांचा जुन्या मराठीचा कोश, हे सर्व संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत. राजुऱ्यांत बसून शिकागोच्या दफ्तरांतला मराठी शब्द पाहावयाचा, ही गंमत आहे खरी. ज्याला मोठे कोश विकत घेणें शक्य नाहीं त्यानें त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु यंत्रावर शोधलेला शब्द एकटा येतो आणि एकटा जातो. पुस्तकांत 'खळ' शोधतांना 'खळगा', 'खळें', 'खळखळ' हीं शेजारचीं माणसें भेटतात, आणि पुष्कळदां जो शब्द शोधावयास गेलों नाहीं तोच लक्षांत राहतो. शिवाय घरच्या एकमेव मोबाइलवर मुलगा शब्द पाहतो आहे कीं आणखी कांहीं, हें पाहावयास दुसरा माणूस लागतो.

बांधणीकडे दुर्लक्ष करूं नये. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. नुसत्या सरसानें किंवा डिंकानें चिकटविलेल्या पुस्तकाची पाठ त्या उष्म्यानें वाळते, तडकते, आणि दुसऱ्या वर्षीं 'क' ते 'ग' हीं पानें हातांत येतात. कोश शिवलेलाच घ्यावा; जुजबंदी शिलाई आहे कीं नाहीं हें पुस्तक मधोमध उघडलें असतां दोरा दिसतो त्यावरून समजतें. मेजावर उघडा ठेवला तर आपोआप मिटतां कामा नये. पावसाळ्यांत ओल, नंतर कसर आणि वाळवी. म्हणून भिंतीला लागून ठेवूं नये. अक्षर इतकें मोठें असावें कीं आजी चष्म्यानें वाचूं शकेल. बल्लारपूरला बांबूपासून कागद करणारी गिरणी नदीपलीकडेच आहे, पण म्हणून कोशाचा कागद चांगला असेलच असें नाहीं. पान उजेडाकडे धरून मागची छपाई पुढें उमटते का तें पाहावें.

कोश कोठें ठेवावा हाहि प्रश्नच आहे. कुलुपांतल्या कपाटांत ठेवलेला कोश सुरक्षित राहतो आणि कोरा राहतो. तो घरांतल्या सर्वांत लहान वाचत्या मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर असावा.

आणि कोणताहि कोश घेतला तरी राजुऱ्याचे कांहीं शब्द त्यांत मिळणार नाहींत. 'सांबार' म्हटल्यावर कोशाला इडलीबरोबरचें कालवण आठवेल. येथें बाजारांत सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि शेजारच्या जंगलांत सांबर चरतें तें निराळेंच. कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी, बैलगाडीला बंडी, धानाच्या बांधबंदिस्तीच्या खाचराला बांधी, लहान तळ्याला बोडी. हे शब्द येथल्या माणसाच्या तोंडीं रोज असतात. पूर्वेकडच्या झाडीपट्टीच्या बोलीचा कोश हरिश्चंद्र बोरकर ह्यांनीं स्वतंत्रपणें सिद्ध केला आहे, आणि त्यांत ह्या भागाच्या पुष्कळ शब्दांचे सोयरे भेटतील. उरलेल्यांसाठीं घरच्या कोशाच्या शेवटीं चार-सहा कोरीं पानें शिवून घ्यावीं. कोणा म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यांत नवा शब्द आला कीं तो तेथें लिहावा; शब्दापुढें लिंग, अर्थ, एखादें वाक्य, कोणत्या गांवीं ऐकला तें, आणि तारीख.